हेप-जी२ पेशींमधला २९० चा पीक: ग्लुटाथायोन परत आलं, मग हे काय उरलंय?

पेशीवाली, पुणे

नमस्कार मंडळी. माझं पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. काम यकृताच्या पेशींवर. हेप-जी२ (माणसाच्या यकृताच्या गाठीतून आलेल्या पेशी) वाढवायच्या, त्यांना ऑक्सिडेटिव्ह ताण द्यायचा आणि पेशीच्या आतली छोटी पेप्टाइड्स कशी बदलतात ते मोजायचं. ताणासाठी टर्ट-ब्यूटाइल हायड्रोपेरॉक्साइड वापरते (पुढे टीबीएचपी). डोस एकदाच, मग अर्धा तास, दोन तास, सहा तास आणि चोवीस तास अशा वेळांना पेशी उचलते. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजून त्या आकड्याला उंचवटा (पीक) दाखवणारं यंत्र, आमच्याकडे नाही. नमुने थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइसवर दुसऱ्या संस्थेत न्यावे लागतात, त्यामुळे एकेक नमुना जपून वापरते.

ग्लुटाथायोन, म्हणजे ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन जोडून झालेलं, पेशीला ताणापासून वाचवणारं पेप्टाइड, ३०८ ला पीक देतं. तो अर्ध्या तासात निम्म्याच्याही खाली जातो. त्याचं ऑक्सिडीकृत रूप, ६१३, वर चढतं. इथवर पुस्तकाप्रमाणे. चोवीस तासांनी ३०८ परत येतो, आणि ताण न दिलेल्या प्लेटपेक्षाही वर जातो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीही छान दिसतात, हेप-जी२ वाढतात तशा बेटं-बेटं करून चिकटलेल्या, कडा स्वच्छ. गाइड म्हणतात, "पेशी सावरल्या, लिहून टाक."

पण २९० ला एक पीक आहे. साध्या प्लेटमध्ये जेमतेम दिसतो. ताण दिल्यावर दोन तासांनी वाढायला लागतो, सहा तासांना सगळ्यात मोठा असतो आणि चोवीस तासांनीही पूर्ण जात नाही. तीनदा नव्याने गोठवलेल्या पेशी वितळवून सगळं पहिल्यापासून केलं, तिन्ही वेळा तेच.

हा २९० कोण? ग्लुटाथायोन तुटून पडलेला तुकडा, की पेशीने मुद्दाम बनवलेलं काही? आणि बनवलं असेल तर ऐन ताणात, शक्तीची चणचण असताना, पेशी हा उद्योग कशासाठी करते? पुढच्या महिन्यात प्रगती अहवाल द्यायचा आहे. त्यात "अनोळखी पीक" एवढंच लिहून पुढे जायला मन तयार नाही.

वेर्ण्याहून

मी गोव्यात वेर्ण्याच्या वसाहतीत औषध कंपनीत मास स्पेक्ट्रोमेट्री करतो. यकृताचं मला कळत नाही, पण आकड्याचं कळतं. ताई, आधी एक शंका फेडून घ्या. ग्लुटाथायोन यंत्राच्या आयन सोर्समध्ये, म्हणजे रेणूंवर भार चढवणाऱ्या भागात, पाण्याचा एक रेणू गमावतं. ३०८ मधून १८ गेले की २९०! म्हणजे तुमचा नवा पाहुणा कदाचित जुनाच माणूस टोपी काढून उभा असेल. ट्रिपल क्वाड्रुपोलवर, म्हणजे दशांश नीट न दाखवणाऱ्या यंत्रावर, हा २९० आणि खरोखर वेगळ्या रेणूचा २९० सारखेच दिसतात.

मास स्पेक्ट्रोमीटरच्या आधी रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममधून तो कधी बाहेर येतो ते बघा. ३०८ आणि २९० एकाच मिनिटाला येत असतील तर विषय संपला, ते यंत्रातलं पाणी गमावणं आहे. वेळ वेगळी असेल तर अचूक वस्तुमान मागा. पाणी गमावलेलं ग्लुटाथायोन २९०.०८ ला दिसेल. दशांशानंतर .१३ आलं तर रेणू वेगळा. आणि एन-एथिलमॅलेइमाइड (एनईएम) वापरता का? पेशी फोडतानाच, आम्ल घालण्याच्या आधी, घालायचं असतं. ते गंधकाच्या मोकळ्या टोकाला चिकटतं, वस्तुमान १२५ ने वाढतं आणि ग्लुटाथायोन ४३३ ला जातं. शिवाय हाताळताना ते आपोआप ऑक्सिडाइज होत नाही. एनईएम न घालता मोजलेल्या ६१३ वर मी तरी भरवसा ठेवणार नाही. तो पेशीत झाला की तुमच्या पिपेटखाली, हे सांगता येत नाही.

पेशीवाली, पुणे

दादा, खूप आभार. जुने नमुने शीतपेटीत होते, काल परत चालवून घेतले.

वेळ वेगळी आहे. २९० हा ३०८ च्या बराच नंतर येतो. अचूक वस्तुमान २९०.१३. एनईएम घातलेल्या नमुन्यात ३०८ पार नाहीसा झाला आणि ४३३ आला, पण २९० जागचा हलला नाही. म्हणजे याच्यात मोकळं गंधकच नाही, बरोबर? यंत्रात २९० फोडला की तुकड्यांमध्ये १६१ आणि ५८ ठळक दिसतात.

नागपूरच्या बाई

अगं, १६१ आणि ५८ वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवला. एकतीस वर्षं जीवरसायन शिकवलं, आता निवृत्त आहे, पण हा रेणू माझा आवडता. सावकाश लिहिते, सावकाश वाच.

२९० मधून १६१ म्हणजे १२९ ची घट. गॅमा-ग्लुटामिल पेप्टाइडं तुटताना हीच खूण सोडतात. ग्लुटाथायोनही ३०८ वरून १७९ ला येतं, तिथेही १२९ च. म्हणजे तुझ्या पाहुण्याच्या डोक्याला ग्लुटामेट आहे आणि ते गॅमा बाजूने, म्हणजे त्याच्या बाजूच्या साखळीच्या टोकाने, जोडलेलं आहे. उरलेल्या १६१ मधून शेपटीचं ग्लायसीन बाजूला केलं की मधला घटक उरतो, आणि त्याचं तुकड्यातलं रूप ५८. ते २-अमिनोब्युटिरेट. सिस्टीनसारखंच अंग, पण गंधकाच्या जागी साधा मिथाइल. म्हणून एनईएमला धरायला काही सापडलं नाही. हे ऑफ्थॅल्मिक आम्ल. ऑक्सफर्डच्या वेली यांना १९५६ मध्ये ते वासराच्या डोळ्याच्या भिंगात सापडलं, म्हणून नाव डोळ्याचं. यकृताशी त्याचं नातं पुढे जुळलं.

तर ग्लुटाथायोन तुटून ते झालेलं नाही. पेशीने ते बनवलं आहे, आणि ज्या दोन एन्झाइमांनी ग्लुटाथायोन बनतं त्याच दोघांनी. पहिलं ग्लुटामेट-सिस्टीन लायगेज, म्हणजे जीसीएल. दुसरं ग्लुटाथायोन सिंथेटेज. प्रत्येक पायरीला एक एटीपी, म्हणजे पेशीच्या शक्तीचं एक नाणं, खर्च. प्रथिनं बांधणाऱ्या रायबोसोमचा इथे काही संबंध नाही.

आता "ऐन ताणात हा उद्योग कशाला" याकडे येऊ. जीसीएलवर ग्लुटाथायोनचाच लगाम असतो. यकृताच्या पेशीत ते ५ ते १० मिलिमोलर असतं. पेप्टाइडाच्या मानाने हा साठा प्रचंड आहे, आणि साठा भरलेला असताना जीसीएल मंद चालतं. टीबीएचपी आलं, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजने ते निकामी करायला ग्लुटाथायोन खर्चलं, ऑक्सिडाइज झालेल्यातलं काही पेशीबाहेर ढकललं गेलं, की लगाम सुटतो. वर एनआरएफ२, जनुकं चालू करणारं प्रथिन. एरवी कीप१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि लगोलग नष्ट करवतं. ताणात कीप१ च्या सिस्टीनांवर घाव बसतो, एनआरएफ२ केंद्रकात शिरतं आणि जीसीएलचीच जनुकं जोरात चालू करतं. चोवीस तासांनी तुझा ३०८ नेहमीपेक्षा वर जातो तो याच कारणाने. वाढवलेलं एन्झाइम ताण ओसरल्यावरही काही काळ टिकतं.

पण मधल्या काळात काय होतं? चूल पेटली, माणसं वाढवली आणि घरात पीठच नाही. तुटवडा सिस्टीनचा असतो. ग्लुटामेट आणि ग्लायसीन बहुधा पुरेसं असतं. सिस्टीन नसेल तर जीसीएल त्याच्यासारख्या दिसणाऱ्या २-अमिनोब्युटिरेटला उचलतं. एरवी सिस्टीनपुढे त्याची निवड होत नाही.

मग हे २-अमिनोब्युटिरेट आलं कुठून? इथे मला सगळ्यात जास्त आनंद होतो. यकृताची पेशी मेथिओनीनपासून सिस्टीन स्वतः बनवू शकते. मेथिओनीनपासून होमोसिस्टीन, त्याला सेरीन जोडून सिस्टाथायोनीन, आणि मग सिस्टाथायोनेज नावाची कात्री त्याचे दोन तुकडे करते. एक तुकडा सिस्टीन. दुसरा २-ऑक्सोब्युटिरेट, ज्यावर अमिनो गट चढला की २-अमिनोब्युटिरेट. म्हणजे सिस्टीन मिळवण्याच्या प्रत्येक कापाला हा दुसरा तुकडा पडतोच. २००० साली नेब्रास्का विद्यापीठात रुमा बॅनर्जींच्या गटाने हेप-जी२ मध्येच दाखवलं की पेशीतल्या ग्लुटाथायोनपैकी जवळपास निम्म्याचं सिस्टीन या वाटेने येतं, आणि पेरॉक्साइड दिलं की ही वाट आणखी वाहू लागते. त्यांनी वापरलेल्या ऑक्सिडंटांत तुझं टीबीएचपीही होतं.

आता तुझा २९० परत बघ. सहा तासांना तो सगळ्यात मोठा आहे याचा अर्थ जीसीएल धावतंय, कात्री चालू आहे आणि सिस्टीन हाती येताच संपतंय. ३०८ हा फक्त साठा दाखवतो. धरणाची पातळी कालएवढीच आहे म्हणून वरून पाणी येत नाही असं कोणी म्हणत नाही. "पेशी सावरल्या" हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. साठा भरला, एवढंच त्यातून कळतं. चोवीस तासांनी २९० उरला असेल तर एकतर ओढ अजून आहे किंवा बनलेलं ऑफ्थॅल्मिक आम्ल निघून गेलेलं नाही. यातलं कोणतं ते प्रयोगाने ठरव.

आमच्या वेळी मास स्पेक्ट्रोमीटर नव्हता. सकाळी सहाला खाटकाकडून बकऱ्याचं काळीज बर्फात आणायचं, खलबत्त्यात घोटायचं, सल्फोसॅलिसिलिक आम्लाने प्रथिनं खाली बसवायची आणि वरच्या निवळीत एलमनचं अभिकर्मक घालायचं. पिवळा रंग डोळ्यांदेखत चढायचा, ४१२ नॅनोमीटरला मोजायचा. एका वर्षी बर्फ वितळला आणि दुपार होईपर्यंत भांडं तसंच राहिलं. रंग जवळजवळ चढलाच नाही. मुलींना वाटलं अभिकर्मक खराब. मी त्यांना तेच काळीज आणि ताजं काळीज शेजारी-शेजारी करायला लावलं. त्या रंगाने एवढंच कळायचं की मोकळं गंधक किती उरलं. गंधक नसलेला हा भाऊ तेव्हा आमच्या भांड्यात असणारच, आणि आम्हाला कधी दिसला नाही. तुला दिसतोय. सोडू नकोस.

काय करशील? बीएसओ, म्हणजे ब्युथिओनीन सल्फॉक्सिमीन, जीसीएल बंद पाडतं. ते आधी देऊन मग ताण दे. माझं म्हणणं खरं असेल तर ३०८ आणि २९० दोन्ही बसतील. दुसऱ्या प्लेटला एन-ॲसिटिल सिस्टीन दे. सिस्टीन मिळालं तर २९० कमी व्हायला हवा. आणि पैसे जमले तर पाचही कार्बन (प्रत्येकी एकाने) जड असलेलं मेथिओनीन आण. त्यातला एक कार्बन वाटेत मिथाइल म्हणून जातो, चार २-अमिनोब्युटिरेटात उतरतात, म्हणून २९० सरकून २९४ होईल आणि ५८ चा ६१. ग्लुटाथायोन मात्र ३०८ लाच राहील. मेथिओनीनकडून सिस्टीनला फक्त गंधक मिळतं, कार्बन सेरीनचे असतात. शेजारी-शेजारी एक सरकलेला आणि एक न सरकलेला पीक, यापेक्षा स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही. थ्रिओनीनपासूनही २-ऑक्सोब्युटिरेट होतं, तो वाटाही यातच वेगळा निघेल.

दादरचा विद्यार्थी

बाईंच्या उत्तरानंतर लिहायला संकोच वाटतोय, पण एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. टीबीएचपीच ठेव, हायड्रोजन पेरॉक्साइडकडे जाणार असशील तर डीएमईएमच्या, म्हणजे पेशी ज्या माध्यमात वाढतात त्याच्या, बाटलीवरचं लेबल वाच. माझे सहा महिने त्यात गेले. कधी पेशी मरायच्या, कधी त्याच डोसला त्यांना काहीच व्हायचं नाही. शेवटी फ्रिजमध्ये दोन बाटल्या शेजारी ठेवून लेबलं वाचली. एकीत सोडियम पायरुव्हेट होतं, दुसरीत नव्हतं. पायरुव्हेट हायड्रोजन पेरॉक्साइडला माध्यमातच संपवतं, पेशीपर्यंत पोचायच्या आधी. दोन्ही बाटल्यांचं झाकण सारखं, रंग सारखा. पेशींची गर्दीही पाहा. दाट प्लेट तेवढाच डोस झटकन पचवते, म्हणून डोस दर पेशीमागे मोजायला लागलो तेव्हा आकडे जुळले.

एडिंबरोतला डॉक्टर

मी मूळचा साताऱ्याचा, आता इथे रुग्णालयात काम करतो. तुमचा २९० मी कधी मोजला नाही, पण बाईंनी सांगितलेली सिस्टीनची तंगी मी वॉर्डात पाहिली आहे, म्हणून लिहितो.

पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर घेतलं गेलं की यकृतात त्याचं एनएपीक्यूआय नावाचं जहाल रूप बनतं. ग्लुटाथायोन त्याला मिठी मारून निकामी करतं. साठा सत्तर टक्क्यांच्या आसपास खर्च झाला की एनएपीक्यूआय पेशीच्या प्रथिनांना चिकटू लागतं. आणि तुमच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींसारखाच तो माणूस पहिल्या दिवशी चांगला दिसतो. थोडी मळमळ, बाकी गप्पा मारतो, घरी कधी सोडता विचारतो. डोळे पिवळे व्हायला अजून दिवस असतात. म्हणून आम्ही चेहऱ्यावर जात नाही, चार तासांनंतरची रक्तातली पातळी पाहतो. (वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असं झालं तर त्रास होण्याची वाट पाहू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.)

औषध म्हणजे तेच एन-ॲसिटिल सिस्टीन. शिरेतून देण्याची पद्धत याच शहरात, १९७० च्या दशकात प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी बसवली. कुपी फोडली की गंधकाचा वास खोलीभर पसरतो, नातेवाईक नाक धरतात. पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर यकृत जवळपास नक्की वाचतं. मला विद्यार्थी नेहमी विचारतात, थेट ग्लुटाथायोनच का देत नाही? कारण यकृताच्या पेशी ते अख्खं आत घेत नाहीत. सिस्टीन आत पोचवावं लागतं, पेप्टाइड त्यांनी आतच बांधायचं.

आणि ताई, आधी मेथिओनीनही औषध म्हणून देत असत. पण मेथिओनीनची वाट लांब आहे, आणि ऑक्सिडेटिव्ह ताणात प्रौढ यकृतातलं तिचं पहिलंच एन्झाइम, मेथिओनीन अडेनोसिलट्रान्सफरेज, निकामी होतं. हेप-जी२ ही गाठीतून आलेली पेशी. तिच्यात या एन्झाइमाचं प्रौढ यकृतातलं रूप नसतं, दुसरं असतं. शिवाय गाठीच्या पेशी बाहेरचं सिस्टीन त्याच्या ऑक्सिडीकृत जोडरूपात जोरात आत ओढतात, निरोगी यकृताची पेशी तसं फारसं करत नाही. त्यामुळे अहवालात "यकृत असं करतं" लिहू नका, "हेप-जी२ असं करतात" लिहा. जपानमध्ये केइओ विद्यापीठातल्या सोगा यांच्या गटाने २००६ मध्ये उंदरांना पॅरासिटामॉल देऊन यकृतात आणि रक्तातही ऑफ्थॅल्मिक आम्ल वाढताना दाखवलं आहे, तो आधार जरूर घ्या. माणसांसाठी मात्र ही तपासणी आमच्या रोजच्या कागदावर आलेली नाही. खाण्यातलं मेथिओनीन बदललं तरी ते आम्ल हलतं, ही एक अडचण आहेच.

पेशीवाली, पुणे

तीन आठवड्यांनी लिहितेय. ऑफ्थॅल्मिक आम्लाचा विकतचा नमुना मागवला. माझ्या नमुन्यात मिसळून चालवला तर एकच पीक, दोन नाही. तोच आहे!

बीएसओ आदल्या संध्याकाळी दिलं, सकाळी टीबीएचपी. ३०८ बसला आणि २९० सहा तासांनाही उठला नाही. एन-ॲसिटिल सिस्टीनच्या प्लेटमध्ये ३०८ तेवढा खाली गेला नाही आणि २९० बराच खाली राहिला, शून्य मात्र झाला नाही. गाइडना दोन्ही आलेख दाखवले. त्यांनी "सावरल्या" हा शब्द स्वतः खोडला आणि जड मेथिओनीनच्या मागणीवर सही केली. डॉक्टरदादा, "यकृत" जिथे-जिथे लिहिलं होतं तिथे हेप-जी२ केलं.

बाई, एक अडलंय. चोवीस तासांना उरलेला २९०, तो अजून बनतोय की नुसता साठून राहिलाय?

नागपूरच्या बाई

शाबास पोरी. आता मला सांग, पेशी उचलताना वरचं माध्यम कुठे जातं? तू लिहिलं नाहीस म्हणजे ते सिंकमध्ये जात असणार. आम्हीही फेकायचो.

सहा तासांना पाणी बदल: माध्यम काढ, ताजं घाल, आणि त्या क्षणापासून जड मेथिओनीन दे. चोवीस तासांना २९४ दिसला तर अजून बनतंय. फक्त २९० दिसला तर जुना साठा. आणि काढलेल्या माध्यमातले दोन मिली गोठवून ठेव. ग्लुटाथायोनसारखंच हेही बाहेर जाऊ शकतं, आणि हेप-जी२ च्या पृष्ठभागावर गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सफरेज बसलेलं असतं, तेच जीजीटी जे डॉक्टर रक्तात मोजतात. ते गॅमा-ग्लुटामिलचा बंध तोडतं, म्हणून माध्यमात पूर्ण रेणू कमी दिसेल आणि तुकडे जास्त. मास स्पेक्ट्रमवाल्या दादांना १६१ ला स्वतंत्र रेणू म्हणून, त्याच्या स्वतःच्या वेळेला, शोधायला सांग. माध्यमात सीरम आहे, तेव्हा पेशी नसलेली एक रिकामी प्लेटही तेवढेच तास इन्क्युबेटरमध्ये ठेव. तिच्याशिवाय माध्यमातला कोणताही आकडा मला दाखवू नकोस.